तळ्याकाठचे रायपूर

बंदराच्या गावाचे जीवन समुद्राशी जसे निगडित असते, तसे जुन्या रायपूरचे जीवन तलावांशी निगडित होते. बूढापारा ही बूढा तलावाच्या काठची वस्ती. पावसाचे पाणी साठवून असे तलाव उन्हाळ्यात आसपासच्या विहिरी जिवंत ठेवीत. १८१८ मध्ये इंग्रजांनी छत्तीसगढच्या कारभाराचे केंद्र रतनपूरहून रायपुरास हलविले. १८७७ मध्ये किशोरवयीन नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, येथे आले, तेव्हा नागपूरपुढे आगगाडी नव्हती. उरलेली वाट बैलगाडीने काटावी लागली. त्यांच्या स्मरणार्थ तलावास विवेकानंद सरोवर हे नाव लाभले. २००० मध्ये रायपूर राज्याची राजधानी झाले. नळ आले, तलावाची निकड ओसरली. तथापि तलाव बुजला तर भोवतालच्या भूमीत मुरणारे पाणीही सरेल.