अभ्यासपाठ : रानातले हद्दीचे दगड



पेणच्या पुढे कासू, नागोठणे आणि रोह्याकडच्या वाड्यांवर वनहक्काचे काम करणाऱ्यांसाठी हा पाठ आहे. वनहक्क समितीच्या बैठकीत तो मोठ्याने वाचावा आणि मग सर्वांनी मिळून रानात जावे.

दगड कुठून आले?
मुंबई इलाख्यात महसुली मोजणी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूरपासून सुरू झाली आणि पुढे कोकणातही आली. मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे १ गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. शेताच्या कोपऱ्यांवर व गावाच्या शिवेवर दगड रोवले गेले. पुढे राखीव जंगलाच्या हद्दीही दगडांनीच आखल्या. आपल्या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, कातकरी व ठाकूर कुटुंबांना डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी जंगलातले तुकडे लावून दिले होते. त्यांनाच आपण दळी म्हणतो.

दगडाचा उपयोग काय?
दगड सापडला म्हणजे जमीन नावावर झाली, असे नाही. दगड फक्त जागा सांगतो. त्या जागेवर कोण कसत होते, हे माणसे, बांध आणि कागद सांगतात. पण "दावा आहे, जागा कुठे ते कळत नाही" असा शेरा पडला की पिढ्यान् पिढ्यांची मेहनत अडकून राहते. अशा वेळी नकाशावरची खूण जमिनीवर दाखवता आली पाहिजे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. सरकारने पूर्वी दिलेले पट्टे वा भाडेपट्टे मालकीत बदलून घेण्याचीही त्यात तरतूद आहे. पुराव्यात जुने नकाशे आणि वनखात्याची कागदपत्रे चालतात. तसेच बांध, घरांच्या खुणा, विहिरी, दफनाच्या जागा, देवस्थाने आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. एकाहून अधिक पुरावे जोडावेत. वनखात्याचे व महसुलाचे नकाशे ग्रामसभेला पुरवणे हे उपविभागीय समितीचे काम आहे. ते लेखी अर्ज करून मागावेत.

शोधायला कसे जावे?
१. पावसात गवत-कारवी दगड झाकून टाकते. दगड दिसतात ते गवत वाळल्यावर. पण तेव्हा पुष्कळ कुटुंबे वीटभट्टीवर गेलेली असतात. म्हणून शिमग्याला माणसे घरी येतात, तेच दोन-तीन दिवस आधी ठरवून ठेवावेत.
२. सोबत एक म्हातारा माणूस, सरपण-कंदांच्या वाटा जाणणाऱ्या बाया आणि फोन हाताळणारा तरुण असावा. आजोबांना आधी बोलू द्यावे, नकाशा नंतर उघडावा.
३. एक दगड सापडला की ३३ फुटांची दोरी धरून नकाशातल्या दिशेने पुढच्या दगडाकडे जावे.
४. दगडाखाली हात घालू नये. फुरसे तिथेच बसते. पाला काठीने बाजूला करावा.
५. दगड हलवू नये, सरळ करू नये, त्यावर रंगही लावू नये. हद्दीची खूण बिघडवणे हा गुन्हा आहे, आणि हललेल्या दगडाचा पुरावा म्हणून काही उपयोग उरत नाही.
६. जागेवरच फोटो व जीपीएस नोंद घ्यावी. जवळचा ओहळ, मोठे झाड, बांध लिहून ठेवावा आणि हजर असलेल्यांच्या सह्या-अंगठे घ्यावेत. समितीच्या अधिकृत स्थळपाहणीत हीच जागा वनखात्याच्या माणसांना दाखवावी.

दगड न सापडल्यास निराश होऊ नये. तो मातीखाली गेला असेल किंवा कुणाच्या पायरीला लागला असेल. आजीने सांगितलेला बांध आणि पूर्वजांची दफनाची जागाही कायद्याने पुरावाच आहे. दावा फेटाळला तर कारण लेखी मागावे आणि ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागावी.

चर्चेसाठी प्रश्न
- आपल्या वाडीत जुन्या हद्दी चालून दाखवू शकतील अशी किती माणसे उरली आहेत?
- त्यांचा जबाब लिहून घेतला आहे का? नसल्यास कोण घेईल आणि कधी?
- आपल्या गावचा नकाशा आज कोणाच्या घरी आहे?