हाक एक, गाडी एक

आमच्या मये गावातून परगावी जावयाचे झाल्यास पूर्वी बसची वाट पाहणे, नाही तर ओळखीच्या टॅक्सीवाल्यास निरोप धाडणे, एवढेच मार्ग असत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये गोवा पर्यटन विकास महामंडळाने ‘गोवा माईल्स’ ही सेवा सुरू केली आणि मोबाईलवर बोट ठेवून टॅक्सी बोलाविण्याची सोय झाली. टॅक्सीव्यावसायिकांनी तिला विरोध केला; तो वाद आजचा आपला विषय नव्हे. अशी हाक वाया जाऊ नये म्हणून अभियंते कोणती योजना करतात, तेवढे पाहू.

प्रथम मोबाईल आपले ठिकाण शोधतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांपैकी निदान चारांचे संदेश मिळाले की ठिकाण निश्चित होते. ते कंपनीच्या सर्व्हरकडे जाते व तो जवळची गाडी शोधतो. पण जवळची म्हणजे कोणती? नार्वे येथे उभ्या असलेल्यास दिवाडी बेटावरील गाडी सरळ रेषेत जवळ भासेल. परंतु मध्ये नदी आहे व फेरीबोटीसाठी खोळंबावे लागते. म्हणून सरळ अंतर न मोजता प्रत्यक्ष वाटेने लागणारी मिनिटे मोजावी लागतात.

आता खरी कसोटी पाहा. समजा, जहाजावरील नोकरीसाठी निघालेल्या एका तरुणास पहाटे मोपा विमानतळ गाठावयाचा आहे. त्याने बोट ठेवले. सर्व्हरने गाडी नेमली. पण उत्तर पोचण्यापूर्वीच नेटवर्क तुटले. घाबरून तो पुन्हा बोट ठेवतो. आता दोन गाड्या निघाल्या, तर एका चालकाचे इंधन व वेळ फुकट जाणार. यावर उपाय असा की, ॲप प्रत्येक मागणीस आरंभीच एक स्वतंत्र क्रमांक देते आणि पुन्हा संदेश पाठविताना तोच क्रमांक लावते. सर्व्हर तो ओळखतो व पहिलेच उत्तर परत देतो. एका मुलाने दोनदा ‘हजर’ म्हटले, तरी हजेरीपटावर त्याचे नाव एकच राहते ना? तसेच हे.

ॲप हलके असणेही अगत्याचे. साधे मोबाईल व क्षीण नेटवर्क ध्यानी घेऊन उबर कंपनीने जून २०१८ मध्ये भारतात सुमारे ५ मेगाबाइटांचे ‘उबर लाइट’ आणले. चालकाचा मोबाईल दिवसभर ठिकाण कळवीत राहिला, तर त्याची बॅटरी लवकर संपते. म्हणून गाडी उभी असता संदेश विरळ करता येतात. ॲप मध्येच बंद पडले, तर उघडताच चालू प्रवास पुन्हा दिसावा, यासाठी त्याची नोंद सर्व्हरवरही ठेवतात. नवी आवृत्ती प्रथम थोड्यांनाच देऊन, दोष तपासून, मग सर्वांना देतात.

यांतील मर्म एवढेच : विघ्न येणारच, हे धरून ज्याने आधी तयारी केली, त्याच्याच कामावर लोक विश्वासतात. परीक्षेच्या दिवशी दुसरी लेखणी जवळ बाळगणारा विद्यार्थी हेच करीत असतो.