टीज नदी : उगमापासून मुखापर्यंत

नदीचा मार्ग खडकांची रचना आणि मानवी हस्तक्षेप यांमुळे कसा ठरतो, हे या उपघटकात उत्तर इंग्लंडमधील टीज नदीच्या आधारे पाहू.

टीज नदी पेनाइन डोंगररांगेतील क्रॉस फेलच्या पूर्व उतारावर उगम पावते आणि सुमारे १३७ किलोमीटर वाहून उत्तर समुद्रास मिळते.

वरचा टप्पा : हाय फोर्स येथे नदी सुमारे २१ मीटर खाली कोसळते. तेथे वर कठीण डोलेराइटचा थर असून त्याखाली चुनखडक, वालुकाश्म व शेल यांचे तुलनेने मृदू थर आहेत. मृदू थर आधी झिजतात, वरचा कडा निराधार होऊन तुटतो आणि धबधबा उगमाकडे सरकतो. त्यामागे अरुंद घळई उरते.

खालचा टप्पा : येथे उतार मंदावतो व नदी नागमोडी होते. यार्म हे गाव अशाच वळणात वसले असल्याने त्यास बंदराचा लाभ झाला, तसा पुराचा धोकाही पत्करावा लागला. स्टॉकटनजवळचे वळण जहाजांना गैरसोयीचे होते; म्हणून १८१० मध्ये कालवा खोदून तेथील प्रवाह सरळ करण्यात आला. पुढे मिडल्सब्रोच्या लोहोद्योगाने समृद्धी आणली. परंतु औद्योगिक प्रदूषणामुळे सामन मासे जवळजवळ नाहीसे झाले. पाणी सुधारल्यावर ते परतले. नदीची हानी काही अंशी भरून काढता येते, हे यावरून लक्षात घ्या.

स्वयंअध्ययन प्रश्न : हाय फोर्स धबधबा उगमाकडे का सरकतो, ते आकृतीसह स्पष्ट करा.