टाकीतला गाळ

साउदॅम्प्टनच्या पाण्यात आमची तेहतीस फुटी शिडाची होडी सुटीच्या दिवशी वाइट बेटाला वळसा घालून संध्याकाळी धक्क्याला परत यायची. तिचं नाव मी फास्टनेट शर्यतीत घातलं. काउझपासून इंग्लिश खाडीतून पश्चिमेला, आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा आणि 2021पासून शेवट शेरबूरला. सुमारे 695 समुद्री मैल.

पैसा ओतला तो शिडांवर. लाइफराफ्ट, नारिंगी वादळी शीड, हार्नेस, सगळं नियमाबरहुकूम. 1979च्या वादळात याच शर्यतीतले 15 स्पर्धक गेले, 303 पैकी 86 होड्यांनीच ती पुरी केली. त्यानंतर नियम कडक झाले. आमच्या तपासणीत एकही शेरा आला नाही. डिझेलच्या टाकीचा तळ पाहणं मात्र तपासनिसाचं काम नव्हे. ते माझं होतं.

पहिला फटका पोर्टलंड बिलच्या भूशिरापाशी बसला. तिथे प्रवाह उलटायच्या आत पलीकडे निघायचं होतं. आम्हाला अर्धा तास उशीर झाला आणि पाच तास नांगर टाकून मोठ्या होड्यांचे दिवे लांब जाताना बघत बसलो. छोट्या होडीच्या वाट्याला असे प्रवाह जास्त येतात, हे हिशेबात धरा आणि नांगराला लांब दोर ठेवा.

खरं संकट लिझर्ड भूशिराच्या पुढे आलं. वारा तोंडावर, होडी दीड दिवस कललेली. शर्यतीत इंजिनावर पुढे जाता येत नाही, पण गिअर न टाकता बॅटरी चार्ज करायला चालतं. रात्री ते दोनदा खोकलं आणि बंद पडलं. फिल्टरच्या काचेच्या वाटीत काळी, बुळबुळीत साय. डिझेलमध्ये पाणी उतरलं की दोहोंच्या सीमेवर जीवाणू वाढतात. शांत पाण्यात हा गाळ तळाशी निपचित असतो, समुद्र घुसळू लागला की नळीत शिरतो. कपाळावर टॉर्च बांधून, डिझेलच्या वासाने दोनदा ओकून मी फिल्टर बदलला. चाळीस मिनिटांत तोही तुंबला. सुटे दोनच होते, दुसराही गेला. पहाटे तीनला बॅटरी संपली, दिवे विझले, आणि आजूबाजूला मालवाहू जहाजांची रहदारी. शिडावर टॉर्चचा झोत मारत, शर्यत सोडून, निव्वळ शिडावर फालमथला आलो.

तुम्ही नाव घालणार असाल तर थंडीतच टाकी उघडा, आणि हिवाळाभर ती अर्धी रिकामी ठेवू नका. आत दव धरतं. सहा फिल्टर घ्या. होडी कललेली असताना ते बदलून बघा, धक्क्यावर नव्हे. स्वतंत्र सेलवर चालणारे दिवे ठेवा. शर्यतीआधी निदान दोन रात्री मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर काढा. आम्ही पात्रतेचे मैल जमवले खरे, पण नशिबाने सगळे मंद वाऱ्यात, आणि मला तेव्हा ते नशीबच वाटलं होतं.

फालमथला टाकी रिकामी केली. तळातून दोन पेले गाळ निघाला. साफ करायला एक सकाळ लागली.