जुन्या खेळांचा जीर्णोद्धार

संगणकाच्या पडद्यावर खेळावयाचे जे खेळ, ज्यांस आपण व्हिडिओ गेम म्हणतों, ते जन्मास येऊन आतां पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्यांतील जे खेळ एके काळीं गाजले, ते नव्या पिढीसाठीं पुन्हा नव्यानें घडवावे काय, असा प्रश्न वारंवार निघतो. कोणी म्हणतात, जुनें तें सोनें, त्यास हात लावूं नये. कोणी म्हणतात, जें आजच्या मुलांस खेळतांच येत नाहीं, तें जपून काय उपयोग? दोन्ही पक्षांचा विचार या लेखांत करूं.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, खेळ हा ग्रंथासारखा स्वतंत्रपणें टिकत नाहीं. शंभर वर्षांपूर्वींचें पुस्तक उघडलें कीं वाचतां येतें. खेळ मात्र ज्या यंत्रासाठीं रचला त्यावर अवलंबून असतो. तें यंत्र नाहींसें झालें कीं खेळही मुका होतो. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या जुन्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ बाजारांत विकत मिळत नव्हते. तेव्हां हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे.

आतां एक चांगलें उदाहरण घेऊं. जपानच्या निन्टेंडो कंपनीनें १९९३ सालीं ‘लिंक्स अवेकनिंग’ हा खेळ गेम बॉय या हातांत मावणाऱ्या यंत्रासाठीं काढला. त्या यंत्राच्या पडद्यावर चारच छटा दिसत, आणि साधनें वापरण्यास दोनच बटनें असत. नायकाजवळ तलवार, ढाल, धनुष्य अशीं अनेक साधनें. परंतु एका वेळीं त्यांतील दोनच हातीं धरतां येत. म्हणून खेळणाऱ्यास पावलोपावलीं थांबून साधनें बदलावीं लागत. २०१९ सालीं हाच खेळ स्विच या यंत्रासाठीं नव्यानें घडविला, तेव्हां तलवारीस व ढालीस स्वतंत्र बटनें मिळालीं आणि चित्रें नवीं झालीं. परंतु बेटाचा नकाशा व कथेचा करुण शेवट मूळाप्रमाणेंच राखला. खोळंबा गेला, खेळ राहिला.

परंतु खोळंबा कोणता व गुण कोणता, हें ओळखणें नेहमींच सोपें नसतें. तोमोहिरो निशिकाडो यांनीं १९७८ सालीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ रचला. त्यांत शत्रूंच्या रांगा वरून खालीं सरकत येतात. तें यंत्र इतकें मंद होतें कीं, सर्व शत्रु रेखाटतांना त्याची दमछाक होई. जसजसे शत्रु मरत, तसतसें त्याचें काम हलकें होई आणि उरलेले शत्रु अधिक वेगानें धांवत. हा वास्तविक यंत्राचा दोष. पण निशिकाडो यांनीं तो मुद्दाम राहूं दिला, कारण त्यानेंच खेळास रंग चढत होता. वेगवान यंत्रावर हा दोष आपोआप नाहींसा होईल, आणि त्याबरोबर शेवटच्या क्षणांची ती धडधडही जाईल. म्हणून ज्यानें मूळ खेळ नीट अभ्यासिला नाहीं, त्यानें जीर्णोद्धाराचें काम अंगावर घेऊं नये.

याहून मोठी हानि होते, ती नवें जुन्याची जागा बळकावतें तेव्हां. ब्लिझर्ड कंपनीनें आपला २००२ सालचा ‘वॉरक्राफ्ट ३’ हा खेळ २०२० च्या जानेवारींत ‘रिफोर्ज्ड’ या नांवानें पुन्हा काढला. ज्यांनीं ही नवी आवृत्ति विकत घेतली नव्हती, त्यांनाही इंटरनेटवरून इतरांशीं खेळण्यासाठीं नवीच आज्ञावली घ्यावी लागली. आणि खेळाडूंच्या क्रमवारीसारख्या पूर्वींच्या कांहीं सोयी तिच्यांत प्रारंभीं नव्हत्या. असंतोष इतका वाढला कीं, कंपनीनें पैसे परत देऊं केले. परंतु ज्यांस आपला जुनाच खेळ हवा होता, त्यांचें समाधान पैशानें कसें व्हावें?

कोणी असा आक्षेप घेतील कीं, जुन्यावरच पैसा मिळूं लागला तर नव्या कल्पनांस वाव कोण देईल? हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु त्यावर उपाय बंदी नव्हे, विवेक होय. जो जुना खेळ आहे तसा आजच्या यंत्रावर चालवितां येतो, तो तसाच उपलब्ध करावा; जेथें जुनी अडचण खरोखरच वाट अडविते, तेथेंच नवी घडण करावी.

मात्र मूळ प्रत जपण्याचें काम एकट्या कंपन्यांवर सोपवून भागणार नाहीं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या १९८९ सालच्या खेळाची मूळ आज्ञावली हरवली, असेंच त्याचे कर्ते जॉर्डन मेकनर यांस वाटत होतें. २०१२ सालीं त्यांच्या वडिलांस ती घरांतील कपाटांत जुन्या फ्लॉपींवर सांपडली, आणि मेकनर यांनीं ती सर्वांसाठीं खुली केली.

तेव्हां आमचें मत असें कीं, जुने खेळ अवश्य नव्यानें घडवावे, पण मूळ खेळ त्यांच्या शेजारीं जिवंत ठेवून. मूळ समोर नसेल तर नव्यांत काय साधलें व काय गमावलें, हें ठरविणार कशावरून? पालकांनीं आपल्या बाळपणींचीं खेळयंत्रें अडगळ समजून टाकूं नयेत. आणि विद्यार्थ्यांनीं एखादा नवा घडविलेला खेळ आवडल्यास त्याचें मूळही मिळवून खेळावें, व दोहोंतील भेद वहींत टिपून ठेवावे.