भिंतीत दडलेली केबल : नव्या घराचा न मोजलेला माल

कापडाच्या धंद्यात एक साधा नियम आहे. गोदामातला जुना माल मोजल्याशिवाय नवी खरेदी करू नये. ताके किती, कुठल्या पन्ह्याचे, कुठे डाग, कुठे कट, हे कागदावर आल्याशिवाय व्यापारी बाजारात पाऊल टाकत नाही. घराच्या बाबतीत मात्र आपण हा नियम विसरतो. तयार घर घेतो, भिंतीवर टी.व्ही.च्या केबलच्या चार-पाच प्लेटा दिसतात, आणि तरीही कारागिराला सांगतो, "भिंत खोदून नवी वायर टाका." ही फिजूलखर्ची आहे. भिंतीत आधीच असलेल्या केबलचा उपयोग कसा करावा, याचा विचार या लेखात करू.

उदाहरण मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथील घेऊ. संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे हे गाव सर्वांना परिचित आहे. तळेगाव आणि चाकणचे कारखाने जवळ असल्यामुळे या भागात घर घेऊन खोल्या भाड्याने देणे हाही एक व्यवसाय झाला आहे. आमच्या एका नातलगांनी येथे जुने एकमजली घर याच हेतूने घेतले. खाली हॉल व एक खोली, वर तीन खोल्या. भाडेकरूंची पहिली मागणी इंटरनेटची. कंत्राटदाराने अंदाजपत्रक दिले. त्यात वायरीची किंमत सर्वात लहान रक्कम होती. मोठ्या रकमा भिंत खोदणे, गिलावा आणि रंग यांच्या होत्या. शिवाय काम संपेपर्यंत भाडे बंद. तेव्हा आम्ही सुचवले की, आधी भिंतीतला माल मोजू.

ही केबल आली कुठून?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्याला चित्र दिसू लागले. त्या काळी छपरावर अँटेना आणि तिथून खिडकीतून आत येणारी चपटी पट्टीची वायर असे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर केबल टी.व्ही. गल्लोगल्ली पसरला, १९९५ मध्ये त्यासाठी कायदा झाला. त्यानंतर बांधकाम करणारे गोल, काळी किंवा पांढरी केबल भिंतीतल्या पाइपातूनच टाकू लागले. २००३ मध्ये खासगी डिश सेवा आली, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डिश सेवा आली. पुढे केबलचे डिजिटलीकरण टप्प्याटप्प्याने झाले आणि शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ ही होती. त्यानंतर प्रत्येक टी.व्ही.ला स्वतंत्र सेट टॉप बॉक्स लागू लागला. म्हणून १९९५ नंतर बांधलेल्या बहुतेक घरांत ही केबल सापडते, आणि बऱ्याच घरांत ती आज बेकार पडून आहे.

पहिली पायरी : मोजदाद

प्रथम प्रत्येक खोलीतील प्लेट उघडून पाहावी. नंतर सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा शोधावा. तो बहुधा जिन्याखाली, मीटरजवळ किंवा गच्चीच्या दाराशी असतो. सुदुंबरेच्या घरात तो जिन्यात होता आणि त्यात वायरींची सात टोके होती. पाच खोल्यांची, एक गच्चीचे आणि एक रस्त्यावरील खांबाकडून आलेले. एकावरही चिठ्ठी नव्हती.

वायर डब्यातून प्रत्येक खोलीला वेगळी जात असेल तर उत्तम. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी माळ असेल, तर मधल्या सांध्यात दोष आला की पुढच्या सगळ्या खोल्या बंद पडतात. हे आधी कळले पाहिजे.

वायरीवर छापलेला मजकूर वाचावा. आरजी-६ लिहिले असेल तर माल चांगला. तिची जाडी सुमारे ७ मिलिमीटर आणि आतील तार सुमारे १ मिलिमीटर असते. आरजी-५९ ही थोडी बारीक, जुन्या कामात सापडते. दोन्ही ७५ ओहमच्याच, पण बारीक वायरीत सिग्नल जास्त झिजतो.

दुसरी पायरी : परीक्षा

यासाठी मल्टिमीटर पुरेसा आहे. आधी दोन्ही टोकांचे सर्व बॉक्स आणि यंत्रे काढून घ्यावीत. मग खोलीतल्या टोकाला आतील तार आणि बाहेरची जाळी छोट्या तारेने एकमेकींना जोडावी आणि डब्यात एकेक टोक मोजावे. ज्या टोकावर काही थोडे ओहम दिसतात, ती त्या खोलीची वायर. लगेच तिच्यावर चिठ्ठी लावावी. नंतर खोलीतील जोड काढून पुन्हा मोजावे. आता मीटरने काहीच दाखवू नये. तरीही ओहम दिसले तर वायर आत कुठेतरी दबली आहे किंवा मध्ये काही जोडलेले आहे. आणि जोड असताना एकाही टोकावर काही दिसले नाही, तर वायर तुटलेली आहे.

आमच्या मोजणीत खालच्या खोलीची वायर तुटलेली निघाली. वरच्या एका खोलीत प्लेटमागे जुना दोन वाटांचा स्प्लिटर दडलेला होता आणि तिथून एक वायर फाटकावरच्या बाल्कनीत गेली होती. बाकी सर्व वायरी शाबूत होत्या. एका दुपारच्या कामात एवढा हिशेब हाती आला.

वाटणीचा हिशेब

पुष्कळ लोक समजतात की सिग्नल लांब वायरीमुळे कमी होतो. घरापुरते पाहिले तर खरे नुकसान वाटणीत होते. चांगल्या आरजी-६ वायरीत केबल टी.व्ही.च्या वरच्या चॅनलांवर १०० मीटरला सुमारे २० डेसिबल झीज होते, म्हणजे २० मीटरला ४. दोन वाटांचा स्प्लिटर मात्र जागच्या जागी सुमारे ३.५ डेसिबल खातो. चार वाटांचा सुमारे ७ डेसिबल खातो, म्हणजे प्रत्येक वाटेला मूळ ताकदीचा पाचवा हिस्साच उरतो. एक चार वाटांचा स्प्लिटर म्हणजे जणू ३५ मीटर जादा वायर. म्हणून जितकी यंत्रे तितक्याच वाटा ठेवाव्यात. वापरात नसलेली वाट उघडी न ठेवता तिला ७५ ओहमची टोपी लावावी.

सांध्यांचेही तसेच आहे. पिळून बसवलेला किंवा चिकटपट्टीने गुंडाळलेला सांधा काढून टाकावा आणि दाबून बसवायचा एफ कनेक्टर लावावा. जाळीची एकही बारीक तार आतील तारेला लागता कामा नये. कनेक्टर स्वस्त आहे, पण निम्म्या तक्रारी तिथेच असतात.

उपयोग कोणकोणते?

१) केबल किंवा डिश. केबलचा सिग्नल स्प्लिटरने वाटून प्रत्येक खोलीत स्वतंत्र बॉक्स चालतो. डिशचे तसे नाही. डिशची वायर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल आणते आणि त्याच वायरीतून बॉक्स छत्रीवरच्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा करतो. केबलचा साधा स्प्लिटर १००० मेगाहर्ट्झपर्यंतचाच असतो, तो इथे कामाचा नाही. दोन खोल्यांत दोन बॉक्स हवे असतील तर दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी घ्यावा आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र वायर द्यावी.

२) इंटरनेटची वायर ओढणे. केबल पाइपातून गेली असेल तर तो पाइप हीच खरी मालमत्ता. यंत्रमागावर जुना ताणा संपत आला की नव्या बीमाचे धागे जुन्या धाग्यांना गाठून ओढून घेतात, हे भिवंडी-मालेगावचा कोणताही कारागीर सांगेल. इथेही तेच करायचे. जुन्या केबलच्या टोकाला नवी कॅट-६ वायर आणि सोबत एक नायलॉनची दोरी घट्ट बांधायची, गाठ पट्टीने गुळगुळीत करायची, संगजिरे लावायचे आणि एकाने ओढत दुसऱ्याने हळूहळू सोडायचे. दोरी आत राहू द्यावी, पुढच्या वेळी उपयोगी पडते. आधी केबल हाताने थोडी हलते का ते पाहावे. हलत नसेल तर ती गिलाव्यात अडकली आहे. जोर लावला तर जुनीही तुटेल आणि नवीही जाणार नाही.

३) केबलवरूनच इंटरनेट. वायर हलत नसेल पण परीक्षेत पास झाली असेल, तर मोका नावाच्या अडॅप्टरची जोडी मिळते. एक राउटरजवळ, दुसरा खोलीत. तिच्या नव्या प्रकारांत वेग चांगला मिळतो. मात्र ती साधारण ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. म्हणून त्याच वायरीवर डिश चालवता येत नाही, आणि मध्ये जुना स्प्लिटर असेल तर तो काढावा लागतो. प्रत्येक दुकानात ही जोडी मिळत नाही, मागवावी लागते. केबलला नुसती साधी जोडपिन लावून इंटरनेट चालते असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नये.

४) पहारा. कॅमेऱ्यांचे चित्र याच जातीच्या वायरीवरून जाते. टोकाला एफऐवजी बीएनसी कनेक्टर लागतो आणि कॅमेऱ्याला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा द्यावा लागतो. दुकानदारांनी हा उपयोग विशेष ध्यानात ठेवावा.

जिवाची काळजी

पुष्कळ घरांत केबलला हात लावताच झिणझिण्या येतात. लोक ते हसण्यावारी नेतात. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या बॉक्स व टी.व्ही.मधून थोडी गळती जाळीवर येते, त्यामुळे हे होते. पण कधी कधी घरातली विजेची वायर सोलून केबलला लागलेली असते, आणि ती गोष्ट जीवघेणी आहे. म्हणून झिणझिण्या आल्या तर आधी मेन बंद करून वायरमनकडून तपासून घ्यावे. घराचे अर्थिंग ठीक आहे ना ते पाहावे आणि डब्याजवळ केबलची जाळी अर्थला जोडून घ्यावी. छत्रीच्या लोखंडी खांबालाही अर्थ द्यावा, कारण मावळात पावसाळ्याच्या तोंडावर विजा जोरात कडाडतात. वादळात प्लग काढून ठेवणे हाच सर्वात स्वस्त विमा. विजेची वायर आणि केबल एकाच पाइपातून कधीही नेऊ नये. तसेच आपल्या घरातला सिग्नल किंवा व्होल्टेज केबलवाल्याच्या बाहेरच्या वायरीत जाऊ देऊ नये. वापर बंद केलेली बाहेरची वायर डब्यात सोडवून ठेवावी.

सुदुंबरेच्या घरात काय ठरले?

खांबाकडून आलेल्या वायरीच्या पाइपातून फायबर आत घेतले आणि इंटरनेटचे यंत्र जिन्यातल्या डब्याशेजारी बसवले. त्यासाठी विजेचा एक पॉइंट नवा करावा लागला. गच्चीची वायर डब्यात हॉलच्या वायरीला जोडली, तिथे डिश चालू झाली. वरच्या एका खोलीत जुन्या केबलच्या जागी कॅट-६ वायर सहज गेली. दुसऱ्या खोलीतली केबल वळणावर अडकली होती, तिच्यावर अडॅप्टरची जोडी लावली. तिसऱ्या खोलीतला दडलेला स्प्लिटर काढला, दोन्ही वायरी नळीच्या जोडाने सरळ केल्या आणि बाल्कनीत फाटकावर नजर ठेवणारा कॅमेरा बसवला. त्या खोलीला इंटरनेट शेजारच्या खोलीतल्या वायफायवरून मिळते. खालच्या खोलीची वायर तुटलेली होती, तिच्यावर पैसा न घालता ती सोडून दिली. भिंत एकही खोदली नाही. दोन दिवसांत काम झाले आणि भाडेकरू बाहेर काढावे लागले नाहीत.

घर घेणाऱ्यांना आणि तरुणांना

घर घेताना बिल्डरकडे किंवा आधीच्या मालकाकडे वायरिंगचा नकाशा मागावा. नसेल तर व्यवहारापूर्वी तासभर देऊन प्लेटा उघडून पाहाव्यात. प्लेट आहे म्हणून मागे वायर असेलच असे नाही. नवे घर बांधत असाल तर वायरीपेक्षा पाइपाकडे लक्ष द्या. प्रत्येक खोलीला डब्यातून वेगळा पाइप, वळणे गोलाई असलेली, आणि आत एक दोरी. वायरीचा जमाना बदलतो, पाइप टिकतो.

आमच्या तरुणांसाठी यात धंदाही आहे. मल्टिमीटर, केबल ओळखण्याचा टेस्टर, कनेक्टर दाबण्याचे हत्यार आणि वायर ओढण्याची स्प्रिंग एवढ्या भांडवलावर काम सुरू होते. तळेगाव, चाकण, देहू या परिसरात भाड्याची घरे वाढत आहेत. तिथे भिंत न फोडता काम करून देणाऱ्या आणि कुठली वायर कुठे जाते ते कागदावर लिहून देणाऱ्या कारागिराला गिऱ्हाईक शोधत जावे लागणार नाही. अट एकच, जी वायर निकामी आहे ती निकामी आहे असे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगावे. मापात चोख असणाऱ्याचे दुकान चालते, हे कापडात जितके खरे तितकेच इथेही.

सारांश, आधी मोजा, मग तपासा, मग ठरवा, आणि खर्च सर्वात शेवटी करा.