पर्वत आणि त्याचे निरक्षर कवी

बारामती व इंदापूर येथील आपणां विद्यार्थ्यांस नित्य दिसणारी सृष्टि म्हणजे माळरान, काळें रान आणि कालव्याकांठचा ऊंस. सह्याद्रीचीं शिखरें दूर पश्चिमेस राहिलीं. तथापि त्या पर्वताशीं आपलें नातें निकटचें आहे. पावसाळी ढग तो अडवितो, म्हणून मावळांत धारा कोसळतात आणि आपल्याकडे अवर्षण पडतें. परंतु तेंच पाणी नीरा व भीमा यांच्या रूपानें तो आपणांस धाडितो. या दोन्ही नद्या इंदापूर तालुक्यांत नीरा-नरसिंहपूर येथें एकमेकींस मिळतात.

पर्वतांतून जसें पाणी उतरतें, तसें काव्यही उतरतें. याचें एक सुंदर उदाहरण स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील गेलिक भाषेंत सांपडतें. डंकन बान मॅकिंटायर (१७२४–१८१२) हा तेथें बेन डोरन नामक पर्वतावर वनरक्षक होता. त्यास लिहितां-वाचतां येत नव्हतें. तरी त्यानें त्या पर्वताचें दीर्घ स्तुतिकाव्य तोंडीं रचिलें. बॅगपाइप वाद्यावर मूळ सूर वाजवून मग त्याचे नाना विस्तार करण्याची जी रीत आहे, तीच त्यानें काव्यास लाविली. हरिणांची चाल, झरे, गवत, झाडेंझुडपें यांचें त्यांतील वर्णन पायांनीं डोंगर तुडविलेल्या माणसाचें आहे. इतरांनीं तें उतरून घेतलें, म्हणून १७६८ सालीं त्याचें पुस्तक निघालें. पुढें १८०२ मध्यें वृद्ध डंकननें पर्वताचा निरोप घेणारें काव्य रचिलें. हरिणें जाऊन तेथें मेंढ्या आल्या होत्या, याचा शोक त्यांत आहे.

याच काळीं आपल्या बारामतींत, कऱ्हेच्या कांठीं, मोरोपंत (१७२९–१७९४) आर्या रचीत होते. पन्हाळगडीं जन्मलेले हे कवि मोठे पंडित. त्यांचे विषय मुख्यत्वें महाभारत, रामायण व भागवत यांतले. त्यांचें काव्य पोथ्यांनीं राखिलें.

मग डंकनसारखे निरक्षर कवि आपल्याकडे झालेच नाहींत काय? झाले; ते जात्यापाशीं बसले होते. सह्याद्रीच्या कुशींतील बायांनीं पहांटे दळतां दळतां सीतेचा वनवास, माहेर, भाऊ व पंढरीची वाट ओव्यांतून गाइली. वनवासी सीतेचें दुःख गातांना त्यांच्या डोळ्यांपुढें आपलेंच रान असे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं मुळशी भागांतून आरंभ करून सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या.

पिठाची गिरणी आली आणि बायांचे कष्ट वांचले, हें इष्टच झालें. परंतु ओवीचा प्रसंग सरला. जी आजी आज ओवी जाणते, तिच्यामागें ती कोण सांगणार? म्हणून विद्यार्थी बंधुभगिनींनो, येत्या सुटींत घरच्या वृद्धांजवळ वही घेऊन बसा. ओवी जशी ऐकाल तशीच लिहा. अशुद्ध म्हणून एकही शब्द बदलूं नका. गाणारीचें नांव, तिचें माहेर व गाण्याचा प्रसंग यांचीही नोंद ठेवा. डंकनचें काव्य असेंच कोणीतरी लिहून घेतलें, म्हणून तें आज आपल्यापर्यंत पोहोंचलें.